कंपाउंड धनुष्याचीं चाकें

साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे २०२३ सालीं बर्लिन येथें जगज्जेते ठरले ते कंपाउंड धनुष्यावर. साधें धनुष्य जों जों ओढावें तों तों जड होतें. हें मात्र शेवटीं हलकें होतें. अमेरिकेंतील होलिस विल्बर ॲलन यांस १९६९ सालीं याचें पेटंट मिळालें. ताठ पात्यांच्या टोकांस चाकें असून त्यांचा आंस मध्यावर नसतो, एका बाजूस असतो. त्यामुळें ओढतांना मधल्या टप्प्यांत पूर्ण भार पडतो आणि पुढें चाकें वळतांच उतरतो. ६० पौंडांच्या धनुष्यांत शेंकडा ८० उतार असल्यास नेम धरतांना १२च पौंड हातीं उरतात.

येथेंच धनुर्धरांत मतभेद. कित्येकांस हा आराम प्रिय. इतर म्हणतात, भार फार हलका झाला कीं हात ढिलावतो व प्रत्यंचा वांकडी सुटते. स्पर्धेपुरतें हें दुसरें मत अधिक सयुक्तिक दिसतें. शिकाऱ्यास मात्र सावज टप्प्यांत येईतों ताणूनच थांबावें लागतें. प्रत्यंचा मुठीजवळ असली कीं बाण अधिक अंतर रेटला जाऊन वेग वाढतो, पण हाताची चूकही त्यास तितकीच अधिक बाधते. बाणाविना प्रत्यंचा सोडूं नये, याविषयीं मात्र दुमत नाहीं; सारी शक्ति धनुष्यावरच उलटून पातीं तडकतात आणि जवळच्यांस इजा होते.