मेंढरांची वाट, गवताची मुळं

माळावर मेंढरं उतरली की आता गवताची काडी उरत नाही, असं आपण धरूनच चालतो. पण झाडाचा कोंब शेंड्याला असतो, तर गवताचा बराच काळ जमिनीलगत दडलेला. वरचं पातं खाल्लं गेलं तरी खालून नवं फुटतं. धोका त्यापुढे असतो. हे कोवळं पातं लगेच पुन्हा कुरतडलं गेलं, की मुळं खंगतात. फ्रान्सच्या आंद्रे व्वाझँ यांनी १९५०च्या दशकात हेच ठामपणे मांडलं: जनावरं किती, यापेक्षा ती एका जागी किती दिवस राहिली आणि गवताला सावरायला किती उसंत मिळाली, हे पाहा.

आपल्याकडे धनगरांच्या वाड्यांनी, म्हणजे फिरत्या तळांनी, ही उसंत पिढ्यान्‌पिढ्या दिली. पावसाळा माण-खटावसारख्या कमी पावसाच्या मुलखात काढायचा, कारण कोकणच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. दिवाळीच्या सुमारास घोड्यावर बिऱ्हाड लादून अनेक वाडे घाट उतरत. तिकडे भात निघालेलं असे. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घेई, लेंडीखताच्या बदल्यात धान्य देई. तोवर मागचा माळ मोकळा राही.

१८७८च्या वन कायद्यापासून राखीव जंगलातली चराई सरकारच्या मर्जीवर गेली. पुढे गायरानांवर अतिक्रमणं झाली, वाटांवर कालवे आणि ऊस आला. महसुली भाषेत माळरान ‘पडीक’ ठरलं, म्हणून त्यावर झाडंही लावली गेली. उरलेल्या तुकड्यावर तोच कळप पुन्हा पुन्हा फिरू लागला.

त्याची खूण म्हणजे कुसळी हे गवत. चराई आणि वणवे अती झाले की पवन्यासारखं चांगलं गवत मागे हटतं आणि ही फोफावते. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सोडत फिरतं आणि बी मातीत घुसवतं. तेच टोकदार बी मेंढराच्या लोकरीतून कातडीतही शिरतं.

हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची रीत बसवली. गोठ्यातल्या गाईंना ती उत्तम मानवली. पण सरसकट बंदी हे प्रत्येक माळाचं औषध नव्हे; वाड्याला तिने दारच बंद होतं. कुरणाचे पट्टे पाडावेत, एक पट्टा बी झडेपर्यंत राखावा, बाकीचे पाळीपाळीने खुले करावेत. आणि ही पाळी ठरवताना वाड्यातली जाणती माणसं बैठकीत असलीच पाहिजेत, कारण कुठल्या माळावर कधी काय उगवतं हे त्यांना ठाऊक आहे.