जुन्या वाड्यातील दुकानाला कोणता रंग द्यावा?

तालुक्याच्या पेठेत वडिलोपार्जित वाडा असलेली कितीतरी शेतकरी घराणी आपल्याकडे आहेत. वाई, पैठण, चांदवड, सासवड अशा गावांच्या जुन्या पेठांतून हिंडावे, म्हणजे खाली दोन खणांचे दुकान आणि वर राहता माळा अशी घरे अजून दिसतात. घरातला शिकलेला मुलगा किंवा सून तिथे बियाणे-खतांचे, नाहीतर किराण्याचे दुकान काढायचे ठरवते आणि पहिला वाद होतो तो रंगावरून. रंगाचे कार्ड समोर ठेवून घरातले चौघे चार बोटे दाखवतात. माझे सांगणे असे, की कार्ड बाजूला ठेवावे आणि आधी भिंत पाहावी.

या वाड्यांचे जोते काळ्या घडीव दगडाचे, खांब-तुळया सागवानी, भिंती पातळ विटांच्या किंवा मातीच्या आणि वर चुन्याचा गिलावा. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि कोरड्या दिवसांत ती हवेत सोडून देते. चुन्याची सफेती या ओलीला अडवत नाही. ऑइल पेंट मात्र भिंतीला मेणकापड गुंडाळावे तसा बसतो. ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाशी साचतात, लोणा फुटतो आणि रंगाच्या पोपड्याबरोबर गिलावाही निघून येतो. निचरा नसलेल्या काळ्या रानात क्षार वर येऊन जमीन बिघडते, ती गोष्ट आपल्याला नवी नाही. भिंतीचेही तेच होते.

बियाण्याच्या दुकानात हा प्रश्न नुसत्या शोभेचा राहत नाही. एका पेठेत अशाच वाड्यातील दुकान मी पाहिले होते. आतून चकचकीत हिरवा ऑइल पेंट दिलेला. दोन पावसाळ्यांत कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगवटे आले आणि भिंतीला टेकवून रचलेल्या सोयाबीनच्या थैल्या खालून दमट लागू लागल्या. आम्ही ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून उगवण पाहिली. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, इथे ती पुष्कळच खाली होती. ते बियाणे एखाद्या शेतकऱ्याने पेरले असते, तर त्याचा हंगाम गेला असता. थैल्या फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवायच्या हे तर आहेच, पण भिंतही कोरडी होऊ दिली पाहिजे.

म्हणून आधी फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ, जोत्याशी साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. मग जुना ऑइल पेंट काढावा, कारण त्याच्यावर चुना धरत नाही. तो कोरडा घासू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ती धूळ लहान मुलांना फार बाधते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे दशलक्षात ९० भागांची मर्यादा लागू झाली ती २०१७ साली. त्याआधीचा रंग भिंत ओली करूनच खरवडावा, माल बाहेर काढावा, मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवावे. खरवडताना हात मात्र हलका असू द्या. मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रे आहेत. तुमच्याही भिंतीवर सफेतीच्या थरांखाली एखादी वेलबुट्टी दडलेली निघेल. निघाली तर काम थांबवून जाणकाराला दाखवावी.

कोपऱ्यात तळहाताएवढी जागा सावकाश खरवडली, की पूर्वीचे रंग एकाखाली एक दिसतात. बहुतेक वेळा पांढरा, फिकट पिवळा, गेरू, कधी निळसर. यात आजोबांची आवड होती तशी चुन्याची सक्तीही होती. चुना तिखट असतो, त्यात नाजूक रंग मरतात. पिवडी, गेरू, काव हे मातीतले लोहाचे रंग टिकतात. कपड्याची जुन्या पद्धतीची भुकटी नीळही टिकते, बाटलीतली पातळ नीळ नको. तेव्हा निवड अवघड नाही, चुन्याने ती आपल्यासाठी अर्धी करूनच ठेवली आहे.

आतला भाग अंधारा आणि लांबट असतो. तिथे पांढऱ्या चुन्यात पिवडीची चिमूट घालावी. उजेड वाढतो आणि नुसत्या पांढऱ्यासारखा डोळ्यांवर येत नाही. गडद हिरवा किंवा निळा आत मुळीच देऊ नये. गिऱ्हाईक तूरडाळ, गहू ओंजळीत घेऊन रंग बघते, त्यावर भिंतीची छटा पडली की चांगला मालही शिळा वाटतो. खाली पोती घासतात तिथे कमरेएवढा गेरूचा पट्टा असावा, डाग दिसत नाहीत. लाकडाला रंग फासू नये. पुसून जवसाच्या पक्क्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाचे बोळे मात्र कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप पेटतात.

बाहेरच्या बाजूची कथा वेगळी. कंपन्यांची माणसे येतात आणि सगळा दर्शनी भाग फुकट रंगवून देतो म्हणतात. फुकट कोणाला नको? पण तो ऑइल पेंट असतो, रंग त्यांचा असतो, आणि घडीव दगडावर चढला की निघता निघत नाही. त्यांना एक लाकडी फळी टांगायला जागा द्यावी, भिंत देऊ नये. जयपूरचे उदाहरण घ्या. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीसाठी शहर एका रंगात रंगवले गेले. त्याला गुलाबी म्हणतात, पाहिले तर तो गेरूचाच. तटाच्या आतल्या बाजारात दुकानदाराला आजही मनाला येईल तो रंग लावता येत नाही, आणि त्या एका रंगाकडे बघायलाच लोक येतात. आपली पेठ जयपूर नव्हे, पण शेजारच्या चार वाड्यांचा रंग पाहून आपला ठरवायला काय हरकत आहे? वाडा वारसा यादीत असेल, किंवा केंद्राच्या संरक्षित वास्तूजवळ असेल, तर नगरपालिकेत आधी विचारावे. अशा वास्तूच्या १०० मीटरच्या आत नवे बांधकाम चालत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते.

आता लावण्याविषयी. कळीचा चुना पाण्यात सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये, उकळी अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा हवा. विरलेला चुना काही दिवस मुरू द्यावा, फडक्यातून गाळावा, थोडा डिंक घालावा. ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर पुष्कळ फिका होतो, म्हणून भिंतीवर दोन हात जागा रंगवून वाळू द्यावी. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात ती पाहावी, मगच ठरवावे. भिंत भिजवून पातळ तीन हात द्यावेत, एक वाळला की दुसरा. कडक उन्हात लावू नये. दिवाळीआधीचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. उरलेला चुना पाण्याखाली बुडवून झाकून ठेवला, तर पुढच्या वर्षी डागडुजीला तोच चालतो, उलट अधिक मऊ होतो.