मोकळ्या वर्गाला लगाम कुठे?

मालवणकडे ऑटोक्रॉस भरवायची म्हटली, तर पहिला वाद ‘मॉडिफाइड’ वर्गावरून होईल. ऑटोक्रॉसमध्ये एकेक गाडी घड्याळाशी झुंजते, आपल्याकडे बहुधा मातीवर. या वर्गात गाडीत फेरफार करायची मुभा असते. पण किती?

सीसी पाहून गट पाडणे सर्वांत सोपे. टर्बो तिथेच घोळ घालतो. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्यामुळे जास्त इंधन जळते. मोटारस्पर्धांच्या जागतिक संघटनेचा, म्हणजे एफआयएचा, जुना तोडगा असा, की पेट्रोल टर्बोची क्षमता १.७ ने गुणायची. ९९८ सीसीचे इंजिन मग नियमापुरते जवळपास १६९७ सीसीचे!

जांभ्याच्या मातीवर मात्र ताकद ही निम्मीच गोष्ट. पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबले की पुढची चाके जागीच गरगरतात, लाल खडी उडते, सेकंद वाया जातात. चारही चाकांना जोर मिळाला तर तीच ताकद जमिनीत उतरते. म्हणून इंजिनावर डोळे वटारण्यापेक्षा सगळ्यांना एकच टायर द्यावा आणि फोर-व्हील ड्राइव्हला किमान वजन वाढवून ठेवावे, असे मला वाटते. वजन काट्यावर लगेच कळते. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, पोटात काय दडवलेय, हे हुडकणे महाकठीण. (वजन घटवायला सीट काढा हवी तर, रोलकेजचा संरक्षक पिंजरा नाही.)

आणि गाडी ट्रॉलीवरूनच आणा. कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार रस्त्यावर चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले आहे.