पट बोटांनी पाहावा

घरात एखादे मूल डोळ्यांनी अधू असले की त्याच्या वाट्याला खेळ फार थोडे येतात. भावंडे गल्लीत क्रिकेट खेळायला पळतात आणि हे मूल अम्मीजवळ बसून त्यांचे आवाज ऐकत राहते. आपण त्याला जपतो, हवे नको ते बघतो, त्याच्यासाठी दुआ करतो. त्याच्याशी चुरशीने खेळणारे मात्र घरात कोणी नसते. जिंकल्याचा आनंद नाही, हरल्याचा राग नाही, असेच त्याचे बालपण सरते. म्हणून या महिन्यात आम्ही अशा एका खेळाविषयी लिहीत आहोत, ज्यात न दिसणारा खेळाडू दिसणाऱ्याच्या समोर बसतो आणि त्याला एक प्यादेही जास्तीचे मिळत नाही. हा खेळ म्हणजे बुद्धिबळ, आपल्या घरांतली शतरंज.

अंधांच्या पटावर घरे तीच चौसष्ट आणि मोहरे तेच बत्तीस असतात. फरक तीनच. काळी घरे पांढऱ्या घरांपेक्षा किंचित उंच असतात, त्यामुळे बोट फिरवले की घराचा रंग कळतो. प्रत्येक घराच्या मधोमध भोक असते आणि मोहऱ्याच्या बुडाला खुंटी, म्हणजे चाचपताना मोहरा सरकत नाही की पडत नाही. शिवाय काळ्या मोहऱ्यांवर हाताला लागेल अशी खूण असते. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत असा पट निदान २० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असावा, असे म्हटले आहे.

सामन्यात दोन्ही खेळाडूंचे पट वेगळे असू शकतात. आपली खेळी मोठ्याने सांगायची, समोरच्याने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करायची, अशी रीत आहे. उभ्या ओळींना इंग्रजी अक्षरे असतात, पण बी, सी, डी, ई ही कानाला सारखीच वाटतात. म्हणून त्यांच्याऐवजी आना, बेला, सीझर, डेव्हिड, एवा, फेलिक्स, गुस्टाव, हेक्टर अशी नावे घेतात. खेळ्यांची नोंद ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रणाने ठेवता येते, आणि वेळेसाठी अंधांना वापरता येईल असे खास घड्याळ चालते.

या नियमांतला एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. अंध खेळाडूचा हात तर सतत पटावर फिरत असतो. त्याच्यासाठी नियम असा, की मोहरा भोकातून वर उचलला तरच हात लावला असे धरायचे. तोवरचे चाचपणे म्हणजे त्याचे पाहणे. आपल्या घरांत मात्र अंध मुलाने कशाला हात लावला की, “अरे, पडेल, ठेव ते!” हेच शब्द आधी येतात. ज्याची नजर बोटांत आहे, त्याला आपण नकळत डोळे मिटायला सांगत असतो.

हा खेळ आज-काल सुरू झालेला नाही. अंधांचे पहिले बुद्धिबळ ऑलिंपियाड १९६१ साली जर्मनीतील मेशेडे येथे झाले. आपल्या देशात ऑल इंडिया चेस फेडरेशन फॉर द ब्लाइंड ही संघटना अंधांच्या स्पर्धा घेते. ती उभी करण्यात चारुदत्त जाधव या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. त्यांची दृष्टी शाळकरी वयात गेली. पुढे ते स्वतः स्पर्धा खेळले आणि मग इतरांना खेळते केले. त्यांचे आणि देशातील तीन अंध मुलांचे हे काम ‘अल्गोरिदम्स’ या २०१२ च्या माहितीपटात पाहायला मिळते. त्या मुलांपैकी एक बडोद्याचे दर्पण इनानी. त्यांची दृष्टी अगदी लहानपणी गेली. ते सनदी लेखापाल झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत पूर्ण अंधांच्या गटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्या गटातली रौप्य आणि कांस्यपदकेही भारताच्याच सौंदर्य प्रधान आणि अश्विन मकवाना यांना मिळाली.

आता घराघरांत निघणारा प्रश्न. शतरंज खेळावी का? उलेमांमध्ये याविषयी जुना मतभेद आहे. हनफी फुकहा तिला नापसंत करतात. इमाम शाफई यांच्या मसलकमध्ये जुगार नसेल, नमाज टळत नसेल आणि तोंडी वाईट शब्द येत नसतील, तर तिला हराम धरलेले नाही. कल्याण-भिवंडीकडची बरीच कोकणी घराणी शाफईच आहेत. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. हजरत सईद बिन जुबैर हे नामवंत ताबिई पटाकडे पाठ करून शतरंज खेळत, समोरच्याची खेळी विचारून आपली खेळी सांगत, अशी नोंद इमाम शाफईंच्या हवाल्याने आढळते. पट न पाहता खेळणे तेराशे वर्षांपूर्वीही जमत होते. त्यासाठी लागते ती स्मरणशक्ती. ज्या समाजात न दिसणारी मुले ऐकून ऐकून कुरआन हिफ्ज करतात, तिथे हे पटवून द्यायला नको.

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीकडच्या कुटुंबांनी सुरुवात कुठून करावी? अंधांच्या साधनांची आणि प्रशिक्षणाची चौकशी १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या वरळी येथील मुख्य कार्यालयात करता येईल. लोकलमध्ये अपंगांसाठी वेगळा डबा असतोच. तोवर घरीही पट बनतो. ओळखीच्या सुताराकडून फळीवर चौसष्ट भोके पाडून घ्यावीत, काळ्या घरांवर जाड पुठ्ठा किंवा रेक्झिनचे तुकडे चिकटवावेत, मोहऱ्यांच्या बुडाला छोटे खिळे बसवावेत आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर डिंकाचा थेंब वाळू द्यावा. मोबाइलवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय असते, आणि लिचेस या मोफत संकेतस्थळावर अंधांसाठी खास पद्धत आहे; तिथे दूरच्या खेळाडूशीही डाव मांडता येतो. थोडे दिसणाऱ्यांनाही या स्पर्धांत जागा आहे. दृष्टीनुसार बी-१, बी-२, बी-३ असे तीन वर्ग पाडलेले असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि क्षीणदृष्टी हे दोन्ही प्रकार आहेत आणि खेळात भाग घेण्याचा हक्कही आहे. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र अजून काढले नसेल तर ते आधी काढून घ्यावे.

पैशाची अडचण यात फारशी नाही. अडचण आहे ती आपल्या काळजीची. मुलगा असेल तर एखादे वेळी चाचा त्याला स्पर्धेला घेऊनही जातात. मुलगी असेल तर, “ही न दिसणारी, एकटी कुठे जाईल?” इथेच विषय संपतो. तिच्यासोबत आपा जाऊ शकते, खाला जाऊ शकते. नियमांनुसार अंध खेळाडूला सहायक घेता येतो. तो समोरच्या पटावर खेळी करतो, खेळ्या सांगतो, नोंद ठेवतो. डाव सुचवायला मात्र त्याला बंदी आहे. घरातल्या प्रत्येकाने आपला मदतीचा हात कुठे थांबवायचा, हे या सहायकाकडून शिकावे.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत पट मांडाच. मुलाला आधी रिकामा पट हाताळू द्या, मग एकेक मोहरा ओळखू द्या. घोड्याची अडीच घरे त्याला बोटांनी मोजू द्या. तो चाचपत असताना घाई करू नका आणि त्याची खेळी तुम्ही करू नका. सुरुवातीला तो हरेल. त्याला बरे वाटावे म्हणून मुद्दाम हरू नका. ते त्याला लगेच कळते. महिना-दोन महिन्यांत एखाद्या संध्याकाळी तो तुमचा वजीर मारेल, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा.