इस्लाममधील विधवांचे हक्क

इस्लाममध्ये विधवेचे हक्क मुख्यतः कुराणातील आज्ञांवर आणि त्यांवरून विधिज्ञांनी रचलेल्या फिक्ह या शास्त्रावर आधारलेले आहेत. इस्लामपूर्व अरबस्तानात मृताचे वारस त्याच्या मालमत्तेबरोबर विधवेवरही हक्क सांगत. सूरह अन्-निसामध्ये (४:१९) या चालीस मनाई करण्यात आली. जी स्त्री स्वतःच वारशाचा भाग मानली जाई, ती वारसदार झाली.

वारसा

पतीस अपत्य नसल्यास विधवेस मालमत्तेचा एक चतुर्थांश, असल्यास एक अष्टमांश वाटा मिळतो (४:१२). एकाहून अधिक विधवा असतील तर तेवढाच वाटा त्यांच्यात समान विभागला जातो. वाटणीपूर्वी अंत्यविधीचा खर्च व कर्जे भागवावी लागतात, आणि न दिलेला मेहेर हे कर्जच होय. मेहेर म्हणजेच वारसा, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः विधवेस दोन्ही मिळतात. उदाहरणार्थ, पतीने ८,५०,००० रुपये मागे ठेवले, ५०,००० रुपये मेहेर थकलेला आहे, अन्य कर्ज वा मृत्युपत्र नाही आणि वारस विधवा, दोन मुलगे व एक मुलगी एवढेच आहेत. मेहेर वजा जाता उरलेल्या ८ लाखांतून विधवेस १ लाख, प्रत्येक मुलास २,८०,००० व मुलीस १,४०,००० रुपये मिळतील. शिया इस्ना अशरी पंथाच्या परंपरागत नियमानुसार मात्र निपुत्रिक विधवेस जमिनीत वाटा नसतो.

इद्दत व पुनर्विवाह

पतीनिधनानंतर चार महिने दहा दिवस (२:२३४), गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत (६५:४), विधवेने पुनर्विवाह करू नये, असा नियम आहे. या काळास इद्दत म्हणतात. या मुदतीत साजशृंगार वर्ज्य असतो. विवाहाची इच्छा कोणी आडून सुचविल्यास दोष नाही. ठराव मात्र करता येत नाही (२:२३५). मुदत संपल्यावर तिला पुनर्विवाहाची मोकळीक असते. मुहंमद पैगंबरांच्या प्रथम पत्नी खदीजा या विधवा व व्यापार करणाऱ्या होत्या. सौदा, हफ्सा आणि उम्म सलमा याही विधवाच होत्या.

भारतातील स्थिती

भारतात धर्माज्ञेपेक्षा रूढी पुष्कळदा प्रबळ ठरली. उत्तरेकडील उच्चकुलीन मुसलमानांत विधवाविवाह कमीपणाचा मानला जाई. सय्यद अहमद बरेलवी (१७८६–१८३१) यांनी स्वतःच्या भावाच्या विधवेशी विवाह करून या समजुतीस विरोध केला. मुंबईत १८४७ साली खोजा व मेमन समाजांच्या खटल्यात सर अर्स्किन पेरी यांनी कुराणाऐवजी रूढी ग्राह्य धरून मुलींचा वारसाहक्क अमान्य केला. पुढे या समाजांच्या वारशास हिंदू कायदा लावला जाऊ लागला, आणि त्यामुळे विधवेचा कुराणोक्त वाटाही मागे पडला. १९३७ च्या शरियत कायद्याने वारशाच्या बाबतीत रूढीस बाजूला सारले, परंतु शेतजमीन त्यातून वगळली. ज्या कुटुंबाची सारी मालमत्ता शेतीच होती, तेथील विधवेस या कायद्याचा फारसा लाभ झाला नाही.