निस्ताराचा हक्क आणि वैनगंगेचे पाणी

पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाचे पाणी पूर्ण भरले की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून 245.50 मीटर होते. गेली काही वर्षे वैनगंगेच्या काठची गावे याच आकड्यावर जगतात. पातळी अर्ध्या मीटरने वाढणार असे कळले, तरी कुणाची गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात होणारी पेरणी) जाणार, कुणाचे स्मशान बुडणार, कुठला रस्ता बंद होणार याचे हिशेब गावात सुरू होतात.

आता हेच पाणी हवामानबदलाच्या चर्चेत येऊन पोहोचले आहे. पाऊस लहरी झाला, पश्चिम विदर्भ कोरडा पडतो आहे, तेव्हा वैनगंगेचे जादा पाणी तिकडे न्यावे, असा विचार मांडला जातो. तो चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. बुलढाण्याच्या शेतकऱ्याची तहान खोटी नाही. पण हवामानाचा कुठलाही उपाय शेवटी कुणाच्या तरी जमिनीवर, नदीवर आणि रोजीवर उभा राहतो. तिथल्या माणसाचा हक्क आधी कागदावर आला नाही, तर उपायाचे नाव बदलते आणि त्याची झळ जुन्याच माणसांना लागते. भंडारा जिल्ह्याने हे एकदा नव्हे, दोनदा अनुभवले आहे.

पहिला अनुभव तलावांचा. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने या भागात जी तलावांची रचना उभारली, तिला आजच्या भाषेत हवामानाशी जुळवून घेणे म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. माजी मालगुजारी म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. उंचावरच्या तलावाचे पाणी सांडव्यातून खालच्या तलावात, तिथून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि शेवटी धानाच्या बांधीत. पावसाने ऑगस्टात दडी मारली, तरी रोवणी झालेला धान तगावा, एवढी सोय त्यात होती. पाळ कुणी दुरुस्त करायची, पाणी कुणाच्या पाळीने सोडायचे, गाळात कुणी पेरायचे, मासे कुणी धरायचे, हे सगळे ठरलेले असे. मध्यप्रांतातल्या जमाबंदीत ते वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदीत, आणि निस्तार म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे हक्क नोंदवणाऱ्या निस्तार पत्रकात लिहिलेही गेले. त्या रचनेतही वरचा-खालचा होताच, मालगुजाराचा शब्द मोठा होता. तरी गरिबाच्या वाट्याचा उल्लेख सरकारी दप्तरात होता, ही गोष्ट लहान नाही.

1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जायलाच हवी होती. मात्र तलावांबरोबर त्यांची देखभालही सरकारकडे गेली, आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट वापरलेल्या पाण्यावर पुढे पाणीपट्टी लागली. शंभर हेक्टरांहून कमी सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. गाळ साचत गेला, बेशरमाची झाडे पसरली, अतिक्रमणे झाली. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्थांना त्यासाठी तलाव ठेक्याने घ्यावे लागू लागले. ठेक्याची रक्कम भरून काढायची, म्हणून रोहू-कटलाचे बीज सोडायचे; त्यात मरळ, मागूर यांसारखे गावरान मासे मागे पडले. गोंदिया-भंडाऱ्यात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवर समाजाबरोबर बेशरम उपटून पाणवनस्पती लावण्याचे काम वर्षानुवर्षे करत आहेत. मला ते हवामानाचेच काम वाटते, मग ते कुठल्या आराखड्यात असो वा नसो.

दुसरा अनुभव गोसीखुर्दचा. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींनी भूमिपूजन केले, तेव्हा खर्च होता सुमारे 372 कोटी आणि वचन होते अडीच लाख हेक्टर सिंचनाचे. पुढे प्रकल्प राष्ट्रीय झाला, खर्च 18 हजार कोटींच्या वर गेला, कंत्राटांच्या चौकशा झाल्या. बुडणाऱ्या गावांची जमीन मात्र 1894 च्या इंग्रजी कायद्याने घेतली गेली. त्या कायद्यात जमिनीच्या मालकाला मोबदला होता. नदीत जाळे टाकणारा ढिवर, काठच्या रेतीत कलिंगड-डांगर लावणारा, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी बाई, यांची नोंद कुठे करायची यासाठी रकानाच नव्हता. विलास भोंगाडे यांच्यासारखे कार्यकर्ते आणि प्रकल्पग्रस्तांची संघर्ष समिती वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे 2013 मध्ये सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज निघाले. म्हणजे भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी. जे सुरुवातीलाच द्यायचे होते, ते आंदोलनाने मिळवावे लागले.

धरणात साठते ते पाणीही निर्मळ नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. काठच्या गावांना डोळ्यांसमोर एवढे पाणी असून प्यायच्या पाण्याची चिंता आहे.

मग आला ऑगस्ट 2020 चा शेवटचा आठवडा. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले, वैनगंगा फुगली, गोसीखुर्दचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले, खाली गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत धान झोपला. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही तक्रार गावोगाव होती. थोड्या दिवसांत कोसळणारा पाऊस वाढत जाणार, हे शास्त्रज्ञ सांगतच आहेत. अशा वेळी वरच्या धरणाने खालच्या गावाला आधी कळवणे हा लोकांचा हक्क मानला पाहिजे. तो कुणाच्या सौजन्यावर सोडता येणार नाही.

कायदा त्या दिशेने थोडा सरकला आहे. 28 जुलै 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचा ठराव 161 मतांनी केला. 21 मार्च 2024 रोजी माळढोक पक्ष्याच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या 14 आणि 21 व्या अनुच्छेदांत शोधला. पण त्या निकालाची दुसरी बाजूही वाचायला हवी. त्यात सौरऊर्जेच्या तारांसाठी वाट मोकळी करताना हा हक्क आधार म्हणून आला. हवामानाचा हक्क प्रकल्पाच्या बाजूनेही उभा राहू शकतो, आणि प्रकल्पाखाली येणाऱ्याच्या बाजूनेही.

पनामा देशात हे घडून गेले आहे. तिथल्या बारो ब्लांको जलविद्युत प्रकल्पाला 2011 मध्ये क्योटो कराराखालच्या योजनेत स्वच्छ ऊर्जा म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या जलाशयात न्गाबे आदिवासींची जमीन जात होती आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. मोठ्या संघर्षानंतर 2016 मध्ये पनामा सरकारने त्या योजनेतली प्रकल्पाची नोंदणी मागे घेतली. धरण मात्र उभेच राहिले.

म्हणून वैनगंगा-नळगंगा नदीजोडकडे मी काळजीने पाहतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली. गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालवा, खर्च 87 हजार कोटींहून अधिक. ज्या धरणाच्या स्वतःच्या लाभक्षेत्रातली कामे अजून संपलेली नाहीत, त्याचे पाणी पुढे निघणार आहे. जादा पाणी ठरवताना उन्हाळ्यातल्या नदीचा, माशांचा आणि खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब कुणी मांडला, आणि तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला का, हे विचारण्याची वेळ कालवा खोदण्याआधीची आहे.

हक्काचा कागद मिळवण्याची एक वाट मात्र कायद्यातच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये मासे आणि जलाशयातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क आहे. तलाव वनजमिनीवर असेल, तर ग्रामसभा तो मागू शकते. ढिवर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांचा म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि इथेच बहुतेक दावे अडकतात. पण याच कायद्याचे नियम सामूहिक दाव्याच्या पुराव्यांत निस्ताराचे नाव घेऊन उल्लेख करतात. निस्तार पत्रकांचे ते जुने दप्तर तहसिलीच्या अभिलेख कक्षांत शोधायचे आहे. गावातल्या शिकलेल्या पोरांनी त्याच्या नकला काढायच्या, आणि नदीजोडची जनसुनावणी लागेल तेव्हा त्या टेबलावर ठेवायच्या.