झोपेचा कागद कोण तपासणार?

धुळे-सोलापूर महामार्ग क्रमांक ५२ गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा बीड जिल्हा उभा चिरत जातो. या वाटेवर ट्रक अडवला की परवाना, विमा, फिटनेस, पीयूसी बघतात. वजन जादा भरले, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड. चालक किती तास जागा आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. कायदा नाही असे मुळीच नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने साधारणपणे दिवसाला ८, आठवड्याला ४८ तास ठरवले, आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ने चालकांना तेच तास लागू केले.

चालकाच्या तासांची नोंदवही सक्तीची केली तर ती ढाब्यावर बसून एका दमात भरली जाईल, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच युरोपात ही नोंद चालकाच्या हाती न ठेवता गाडीतल्या यंत्राकडे दिली. साडेचार तासांमागे ४५ मिनिटांचा थांबा तेच टिपते. पण यंत्र बसवूनही खेपेवर मजुरी राहिली, तर थांबलेला तास चालकाच्याच खिशातून जाणार. तेव्हा जाब चालकाआधी मालकाला आणि माल पोहोचण्याची वेळ ठरवणाऱ्याला विचारायला हवा.